तोटी

भांड्याची अब्रू त्याच्या तोटीत असते, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. पोट कितीही घाटदार असो, कल्हई कितीही लखलखीत असो. ओतताना धार भांड्याच्याच अंगावरून ओघळून खालच्या चादरीवर उतरली, की यजमानाची जी त्रेधा उडते तिच्यापुढे कल्हईचे तेज फिके पडते. पुष्कळांची समजूत अशी की, द्रव पदार्थ चिकट असल्यामुळे तो तोटीला धरून राहतो. इस्रायलचे शास्त्रज्ञ मार्कुस रायनर यांनी १९५६ साली या ओघळण्याची गंभीरपणे दखल घेतली, आणि पुढच्याच वर्षी जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने सांगितले की, येथे मुख्य कर्तृत्व हवेचे आहे. तोटीच्या ओठावरून वळताना धारेतील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा तिला तोटीकडे रेटते. अशाच संशोधनाबद्दल केलर आणि त्यांचे सहकारी यांना १९९९ साली थट्टेचे नोबेल मिळाले. थट्टा असेना का, उपाय खरा आहे: ओठ धारदार हवा आणि धार जोमदार हवी. झारीच्या तोटीचे टोक तासून पातळ करणाऱ्या तांबटास हे गणित ठाऊक नव्हते; त्याला ओघळ ठाऊक होता.

परंतु झारी काय, अभिषेकपात्र काय, देवळाच्या भिंतीतून बाहेर आलेले गोमुख काय, या सर्वांचे भाग्य सोपे. प्रत्येकाच्या वाट्याला एकच द्रव. ज्या तोंडातून आज पाणी आले त्यातूनच उद्याही पाणी यावयाचे. अवघड प्रश्न निर्माण होतो तो एकाच तोटीतून पाच प्रकारची पेये काढावयाची ठरली म्हणजे. हा प्रश्न आमच्यासारख्या दिवाणी दाव्यांत आयुष्य घालविणाऱ्या मनुष्याच्या वाटेला कधी गेला नसता. तो चालून आला उचगावाहून.

बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघाले की हिंडलगा, सुळगा मागे पडतात आणि फाट्यावरून आत वळले की उचगाव. मळेकरणी देवीच्या आमराईमुळे आणि दरसाल भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे हे गाव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. तसेच पुढे गेले की बाची, आणि बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात या गावचा एक तरुण आमच्या कचेरीत आला. आयटीआय झालेला, बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर बसून हायड्रॉलिकचे सुटे भाग काढणारा. अशील म्हणून कोणी आले की आम्ही सवयीने सात-बाराचा उतारा मागतो. त्याने खिशातून बोटभर लांबीचा, फडक्यात गुंडाळलेला पोलादी तुकडा काढून आमच्या कागदांवर ठेवला आणि म्हणाला, “हिचं पेटंट होतंय का बघा, वकीलसाहेब.”

तुकडा म्हणजे एका सरबत-यंत्राची तोटी होती. आमराईत मंगळवारी आणि शुक्रवारी दर्शनाला जी माणसे येतात त्यांच्यासाठी त्याला एक यंत्र उभे करावयाचे होते: अमृतकोकम, लिंबू, आले-लिंबू, जिऱ्याचा सोडा आणि ताक. बटण दाबावे आणि पेला भरावा. पाच नळ्या लावून पाच तोट्या ठेवणे सोपे. परंतु पाच तोट्या म्हणजे पाच ठिकाणी ठिबकणे, पाच ठिकाणी माश्या. त्याला तोंड एकच हवे होते.

आता यातील अडचणी पाहा. सोड्यात वायू दाबाखाली विरघळलेला असतो. तोटीच्या तोंडाशी तो एकदम मोकळा झाला किंवा धार खळाळली, तर पेल्यात फेस वर आणि सोडा खाली, आणि गिऱ्हाइकाच्या हाती अर्धा पेला. म्हणून सोड्याची वाट शेवटी शांत करावी लागते. आमच्या अशिलाने मधल्या छिद्रात उभे पातळ पडदे ठेवून ती केली होती. दुसरे, पाक घट्ट आणि पाणी पातळ. जगभरच्या सोडा-यंत्रांत साधारणपणे एक भाग पाक आणि पाच भाग पाणी असे प्रमाण धरतात, आणि दोन्ही अगदी शेवटच्या क्षणी एकत्र आणतात. ते तोटीच्या पोटात एकत्र आणले तर पोट कायमचे रंगते, म्हणून पाण्याच्या मध्यधारेभोवती पाकाची बारीक छिद्रे कडे करून बसवावयाची, सर्वांची तोंडे किंचित आत कलती, की सगळ्या धारा तोटीच्या बाहेर, उघड्या हवेत भेटाव्या. प्रत्येक पाकाची नळी निराळी, छिद्र निराळे. एक असे फक्त दिसावयाचे.

हे सारे त्याने कोठे पाहिले होते, कोठे स्वतः शोधले होते. तरी शेवटचा थेंब उरतोच. कोंकणी वाचक त्याला थेंबो म्हणोत, तो दोन्ही भाषांत सारखाच हट्टी. धार थांबल्यावर तो ओठाशी लटकून बसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पेल्यात उतरतो. कोकमाचा थेंब ताकात पडला तर ताक गुलाबी होते. आमचे गोव्याचे स्नेही म्हणतील की, मग बिघडले काय, ताकाचे भाग्य उजळले! परंतु आल्याचा थेंब लिंबात पडला तर काय? आमच्या या भागात, निपाणीकडे तर विशेषच, जैन समाज मोठा आहे. आले हा जमिनीखालचा कंद. तो ज्यांस वर्ज्य त्यांस त्याचा थेंबही वर्ज्य. उपवासाचे प्रश्न निराळे. कोणाला दुधाच्या पदार्थांनी अंगावर गांधी उठतात, त्याचा प्रश्न तर धर्माचाही नव्हे, जिवाचा.

त्यावर त्याने जी तोड काढली तीच त्याची खरी करामत. धुण्याचे पाणी तो मधल्या छिद्रातून सोडीत नाही. ते ओठाच्या बाहेरच्या कडेने फिरून येते आणि लटकता थेंब बरोबर घेऊन खालच्या ताटलीत जाते, पेल्यात नव्हे. आधी काय ओतले आणि पुढे काय ओतावयाचे आहे, यावर ते पाणी किती सुटावयाचे हे ठरते: लिंबामागून आले-लिंबू असेल तर नावापुरते, आल्यामागून नुसते लिंबू असेल तर भरपूर. ताकाने मात्र त्याला चार महिने रडविले. ताकाला बारीक छिद्र चालत नाही, कण अडकतात. मोठे छिद्र ठेवले तर स्निग्ध पापुद्रा बसतो, आणि उन्हाळ्यात त्या पापुद्र्यास दुसऱ्या दिवशी काय वास येतो ते सांगावयास नको. शेवटी त्याने ताकाची नळी कड्याच्या बाहेर, निराळी बसविली. ती हाताने ओढली की निघते. रोज संध्याकाळी गरम पाण्यात टाकावयाची. सगळ्यांना एका तोंडात कोंबण्याचा हट्ट त्याने येथे सोडला. आम्हांस त्या सबंध रचनेत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते. चौघांनी एकत्र नांदावे, पाचव्याने शेजारी; घरेही अशीच चालतात.

पेल्याचा काठ आणि तोटीचा ओठ यांत त्याने दोन बोटांचे अंतर ठेवले होते आणि पेला त्याहून वर चढू नये म्हणून खाली अडसर घातला होता. नळकामाच्या शास्त्रात या अंतराला मोठा मान आहे. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे नळाचे तोंड आणि खालच्या भांड्याचा काठ यांत नळाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि निदान एक इंच, मोकळी हवा ठेवावी लागते. खालचे घाण पाणी उलटे वर शोषले जाऊ नये म्हणून. आमच्या घरांतून तांब्या ओठांस न लावता वरून पाणी पिण्याची रीत होती, तिचेही मर्म हेच. आम्ही कौतुकाने ते अंतर बोटांनी मोजीत होतो. तो म्हणाला, “हे अंतर मला नवीन न्हवं, वकीलसाहेब. आमच्या आज्ज्याच्या ओंजळीत आन् हॉटेलवाल्याच्या तांब्यात याच्यापेक्षा जरा जास्तच असायचं.”

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. लेथवरचे माप सांगावे तसे त्याने ते सांगितले.

डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतील नळाची हकीकत सांगितली आहे. तहान लागली तर इतर मुलांना मास्तरांची परवानगी पुरे. त्यांना मात्र नळास हात लावता येत नसे, शिपायाने येऊन चावी फिरवावी लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच घेऊन घरी जावे लागे. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असताना संविधानाचे पंधरावे कलम पाठ केले. त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे. १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात तर उपाहारगृहातील भांडी आणि पाण्याचा नळ ही दोन्ही नावानिशी आली आहेत. परीक्षेसाठी आम्ही ती यादी घोकली होती. नळ हा शब्द एवढ्या मोठ्या कायद्यात मुद्दाम कशाला घातला असेल, असा प्रश्न त्या वयात पडला नव्हता. त्या दिवशी टेबलावरच्या त्या पोलादी तुकड्याकडे पाहताना प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकदम समोर आली. त्याच्या यंत्रास बटण होते. ते कोणीही दाबावे. अंतर तेवढेच, परंतु ते आता सर्वांसाठी सारखे, आणि ओतणारा कोणी नाही.

यानंतर आम्ही त्यास नुसता अशील समजू शकलो नाही. तथापि सहानुभूतीने पेटंट मिळत नाही. पेटंटच्या कचेरीत नवेपणा सिद्ध करावा लागतो, आणि या बाबतीत त्याचे प्रतिस्पर्धी फार प्राचीन निघाले. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरोने नाणे टाकताच तीर्थ देणारे यंत्र लिहून ठेवले आहे. त्याच ग्रंथात एक सुरई आहे, जिच्या एकाच तोंडातून कधी मद्य, कधी पाणी, कधी दोहोंचे मिश्रण येते, हवेची छिद्रे बोटाने दाबण्या-सोडण्याच्या चलाखीवर. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी अशा गमतीच्या भांड्यांनी एक सबंध ग्रंथ भरला. हायरम कॉडने १८७२ साली गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले, ज्यात आतल्या वायूनेच गोटी वर रेटून तोंड बंद करावे. आमच्या बाळपणीच्या सोड्याचा तो ‘फट्’ आवाज त्या इंग्रज गृहस्थाच्या बुद्धीचा. आणि अलीकडचे म्हणाल, तर २००९ साली अमेरिकेत कोका-कोला कंपनीने ‘फ्रीस्टाइल’ नावाचे यंत्र आणले, ज्याच्या एका तोंडातून शंभरावर पेये निघतात. त्यात अर्कांच्या लहान नळकांड्यांतून सूक्ष्म मात्रा सोडल्या जातात.

आपल्याकडचा दाखला आम्हांस अधिक काळजीचा वाटला. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९७८ रोजी दिला. वाद मिर्झापूरचा, भांड्यांचा, आणि तोही लेथवर भांडे धरण्याच्या युक्तीचा! न्यायालयाने सांगितले की, जुन्या वस्तूत केलेली सुधारणा नुसती कारखान्यातील सुधारणा असून भागत नाही; तिच्यात शोधाचे पाऊल दिसले पाहिजे. पेटंट रद्द ठरले. कसबी कारागिराला जे सहज सुचावे ते शोध नव्हे, हे तत्त्व म्हणून निर्दोष आहे. तरी मनात येते की, कसबी कारागिराला काय सहज सुचते हे ठरविणाऱ्यांपैकी लेथवर उभे राहिलेले किती असतात?

मध्यंतरी एक परगावचा व्यापारी येऊन गेला. त्याला यंत्र आमराईत प्रत्यक्ष चालताना, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे पाहावयाचे होते. पसंत पडले तर एकरकमी पैसे देऊन सर्व हक्क विकत घेण्याची त्याची तयारी होती. अशिलावर लेथच्या कर्जाचे हप्ते होते. त्या रात्री तो आमच्या घरी आला. आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची: अर्ज दाखल होण्यापूर्वी वस्तू चारचौघांत आली की तिचा नवेपणा संपतो. सार्वजनिक चाचणीस कायद्यात थोडी सवलत आहे खरी, परंतु पैसे घेऊन सरबत विकणे ही चाचणीच होती, हे कंट्रोलरच्या गळी उतरविणे आमच्या शक्तीबाहेरचे. दुसरी गोष्ट शंकर आबाजी भिसे यांची. १८६७ साली मुंबईस जन्मलेल्या या मराठी माणसाने विलायतेच्या एका मासिकाने लावलेल्या चढाओढीत साखर-पीठ यांसारखा किराणा आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राची रचना पाठविली आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकले. एका अर्थी आमच्या अशिलाचा हा पूर्वजच. पुढे दादाभाई नौरोजींच्या पाठबळाने ते लंडनला गेले, छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी सिद्ध केले. भांडवल मात्र ऐन वेळी हातचे गेले. १९३५ साली न्यूयॉर्क येथे ते वारले. आज त्यांचे नाव किती घरांत ठाऊक आहे? अशिलाने हे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अर्जाला किती लागतील?” आम्ही म्हटले, एकट्या व्यक्तीने संगणकावरून भरला तर १,६०० रुपये. तो हसला. व्यापाऱ्यास त्याने थांबावयास सांगितले. व्यापारी थांबला नाही.

आम्ही पेटंट एजंट नव्हे. त्या कामास निराळी परीक्षा आहे, आणि तिला बसण्यास विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. आमची वकिलीची सनद तेथे चालत नाही. तेव्हा सही त्याची, मजकूर त्याचा, आम्ही केवळ भाषा तपासणारे. आणि खरी गंमत येथेच झाली. उचगाव कर्नाटकात, म्हणून अर्ज चेन्नईच्या कचेरीकडे. हाच मुलगा चार मैल पलीकडे शिनोळीस जन्मला असता तर मुंबईकडे. १९५६ साली आखलेली रेघ सरबताच्या तोटीतूनही गेली म्हणावयाची! अर्थात मुंबईतही फार मोठा दिलासा मिळाला असता असे नव्हे, कारण अर्ज कोठेही करा, भाषा हिंदी किंवा इंग्रजी. त्याने आपला शोध मराठीत केला होता. ‘ओघळ’ हा शब्द त्याच्या वहीत पानोपानी होता. धारेतून फुटून भांड्याच्या बाहेरच्या अंगाला धरून खाली उतरणारा द्रवाचा तो चुकार भाग, हे सारे त्या तीन अक्षरांत आहे. इंग्रजीत त्यासाठी आम्हांस चार ओळी लागल्या आणि तरी त्या ओळींतून काहीतरी ओघळलेच. ‘उष्टी धार’ असा आणखी एक शब्दप्रयोग त्याने केला होता. ज्या धारेत आधीच्या पेयाचा अंश उरला आहे ती उष्टी. याचे इंग्रजी करताना उष्टेपणातील सगळा राग, सगळी किळस, सगळा इतिहास बाजूला ठेवून ‘मागील द्रवाचा अवशेष’ एवढेच लिहावे लागले. कायद्याला तेवढेच पुरते.

तात्पुरता अर्ज दाखल झाला, बारा महिन्यांच्या आत पूर्ण विवरण गेले, आणि मग यंत्र आमराईत उभे राहिले. पहिल्याच शुक्रवारी आम्ही गेलो होतो. एक वृद्ध बाई बराच वेळ नुसत्या पाहत उभ्या होत्या. पुढच्याने आले-लिंबू घेतले होते. त्यांनी अशिलास विचारले, “आलं लागलं नाही ना रे बाबा त्याला?” त्याने बटण न दाबता त्यांना वाकून तोटीचा ओठ पाहावयास सांगितले. पाणी कडेने फिरले, ताटलीत गेले. ओठ कोरडा झाला. बाईंनी पाहिले, मान हलविली, आणि पिशवीतून स्वतःचे फुलपात्र काढून त्याखाली धरले.

गेल्या महिन्यात चेन्नईहून परीक्षण अहवाल आला. परीक्षकाने परदेशातील तीन जुने अर्ज पुढे ठेवले आहेत. मध्यधार आणि भोवतीचे कडे यांत नवे काही नाही, असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते आम्हांस मान्य करावे लागेल. बाहेरच्या कडेने फिरणाऱ्या पाण्याबद्दल मात्र त्याने जुना दाखला दिलेला नाही. ज्या चार ओळींत आम्ही ओघळ बसविला, त्या संदिग्ध आहेत एवढाच आक्षेप घेतला आहे. उत्तरास सहा महिन्यांची मुदत आहे. अशील दर शनिवारी पाळी संपवून येतो, लेथचे तेल लागलेल्या बोटांनी कागदावर तोटीचा छेद काढतो, आणि आम्ही त्या ओळी पुन्हा लिहावयास घेतो. गेल्या शनिवारी त्या चाराच्या अडीच झाल्या.